धुरपताबाईंची चौथी

हरिओम लातूरला नेमकं काय काम करतो, हे त्याच्या गावात आजपर्यंत कुणालाच धड सांगता आलेलं नाही. गाव हदगावजवळचं. थोरला भाऊ बालाजी तिथं शेती बघतो, आणि त्याला कुणी विचारलं की "दवाखान्यात हाय" म्हणून तो मोकळा होतो. मग लोक आपापली दुखणी घेऊन हरिओमला फोन लावतात, आणि हरिओमला सांगावं लागतं की मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. मग तिथं करतोस तरी काय, असं एकदा चहाच्या हॉटेलात चौघांनी धरून विचारलं, तेव्हा त्यानं जीव तोडून समजावलं. सगळं ऐकून झाल्यावर एक जण म्हणाला, म्हणजे मेंदूची गणितं करून राहिलास. याच्यापेक्षा सोपं आपल्यालाही सांगता आलं नसतं, असं हरिओमला वाटलं.

नांदेडला त्यानं संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं ते काही फार विचार करून नव्हे. केमिस्ट्रीला नंबर लागला नाही आणि हॉस्टेलमधला सोबती संख्याशास्त्राचा फॉर्म भरत होता, म्हणून यानंही भरला. पुढं विषय आवडत गेला आणि लातूरच्या एका संशोधन केंद्रात नोकरी लागली. खेड्यापाड्यातल्या साठीच्या पुढच्या माणसांची स्मरणशक्ती कशी असते आणि कशी जाते, याचा तिथं अभ्यास चालतो. प्रमुख आहेत दीपमाला मॅडम, मेंदूच्या डॉक्टर; बोलायला मवाळ, पण चूक दिसली की गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत.

माणूस एमआरआय मशीनमध्ये झोपतो, मशीन ठोकठोक आवाज करत त्याच्या मेंदूचे फोटो काढतं, आणि कॉम्प्युटरवर त्या मेंदूचे खसखशीच्या दाण्याएवढे तुकडे पडतात. हरिओमचं काम इथून सुरू होतं. एकेका तुकड्याला विचारायचं, तू असा का आहेस? वयामुळे, बाई किंवा पुरुष असल्यामुळे, डोकं लहानमोठं असल्यामुळे, की शाळा शिकल्यामुळे? वय सोपं. साठ म्हणजे साठ, सत्तर म्हणजे सत्तर, सरळ आकडा. शाळेचं तसं नाही. न शिकलेले, प्राथमिक, माध्यमिक, कॉलेज हे माणसांचे गट आहेत, मोजलेले आकडे नाहीत. सुरुवातीला हरिओमनं घाईत त्यांना शून्य, एक, दोन, तीन असे आकडे देऊन तसेच गणितात ढकलले होते. मॅडमनी मीटिंगमध्ये त्याला शांतपणे विचारलं, मॅट्रिकवाला चौथीवाल्याच्या दुप्पट असतो का रे? एम.एस्सी.च्या पहिल्या सहामाहीत शिकवतात ती गोष्ट, आणि ती सगळ्यांसमोर विचारली गेली. हरिओमचे कान तापले.

बरोबर रीत अशी की प्रत्येक गटाला स्वतःचा रकाना द्यायचा. त्या गटात असाल तर रकान्यात एक, नसाल तर शून्य. फक्त एका गटाला रकाना द्यायचा नाही. तो पाया धरायचा आणि बाकीचे त्याच्यापासून किती लांब आहेत ते मोजायचं. मॅडमनी पाया म्हणून न शिकलेल्यांचा गट घेतला, कारण त्या पिढीत खेड्यांत तेच जास्त. त्यामुळे न शिकलेल्या माणसाच्या ओळीत शाळेच्या तिन्ही रकान्यांत शून्य दिसतं. या शून्यांना घाबरू नका, त्यात त्या माणसाची किंमत नसते, असं हरिओम नंतर आलेल्यांना समजावून सांगायचा, आणि चांगलं समजावून सांगायचा. स्वतःच्या आईची वेळ आली तेव्हा मात्र त्याला यातलं काही आठवलं नाही.

त्याची आई धुरपताबाई. माहेर उमरीकडचं. तिच्या लहानपणी शाळा ओढ्यापलीकडं होती आणि पाठची तीन भावंडं घरात होती, त्यामुळे शाळा तिथंच राहिली आणि ही घरात. तिला त्याचं फारसं दुःख असल्याचं कुणी ऐकलं नाही. नवरा, देविदास, हरिओम नववीत असताना गेला. तेव्हापासून कुठल्या वावरात काय पेरायचं हे बालाजीच्या बरोबरीनं तिनंच ठरवलं, आणि हदगावच्या बाजाराला एकटीनं जाऊन तिला कधी कुणी फसवल्याचंही ऐकिवात नाही. बँकेत खातं काढायचं होतं तेव्हा हरिओमनं तिला सही शिकवली होती. 'धुरपता' एवढी चार अक्षरं ती जीभ दातात धरून काढायची, आणि काढून झाली की एकदा कागद लांब धरून बघायची. तेव्हा हरिओमला आईचं कौतुक वाटायचं. कौतुकाची लाज कधी झाली हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. बहुतेक हॉस्टेलात, इतरांच्या आया फोनवर मेसेज वाचतात हे कळल्यावर.

मग ऋतुजाचं स्थळ आलं. घर अहमदपूरचं. वडील आप्पासाहेब निवृत्त मुख्याध्यापक, आई निवृत्त शिक्षिका, भाऊ शिक्षक. त्या घरात मांजरानंही हजेरी लावली असती. त्यांच्याकडून आलेल्या बायोडाट्यात प्रत्येक नावापुढं शिक्षण होतं. ऋतुजाच्या आजीपुढंही 'सातवी पास' असं लिहिलेलं होतं. हरिओम आपला बायोडाटा टाइप करायला बसला. वडील, कैलासवासी, शेती. भाऊ, बारावी, शेती. आई म्हटल्यावर बोटं थांबली. नुसतं गृहिणी लिहून चाललं असतं, निम्मं जग तेवढंच लिहितं. पण त्या आजीची सातवी त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. त्यानं लिहिलं, 'गृहिणी, चौथी पास'. त्यातही हिशोब होता. सातवी लिहिली तर कुणी काहीतरी वाचायला पुढं करेल; चौथी म्हटली की विसरले म्हणायला जागा राहते.

अहमदपूरला जाताना जीपमध्ये त्यानं आईला हळूच सांगितलं की कुणी विचारलं तर चौथी शिकले म्हण. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हाव. कोण्या शाळंत?" गावातल्याच म्हण, असं तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. तिला वाईट वाटलं का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

बोलणी जमली. साखरपुड्याच्या जेवणात आप्पासाहेबांनी मास्तरकीच्या सवयीनं विचारलंच, विहीणबाई, तुमच्या वेळी कोण होते गुरुजी? हरिओमच्या हातातला घास तसाच राहिला. धुरपताबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, माणिकप्पा गुरुजी. लई मारायचे, पण शिकवायचे चांगलं. मग दुसरीत शिकवलेल्या एका कवितेच्या दोन ओळीही म्हणून दाखवल्या. आप्पासाहेब खूश. हरिओमला कळेना. आईनं हे आणलं कुठून? परतताना तिनंच सांगितलं. शेजारच्या गुणाबाई खरोखर चौथी शिकलेल्या. साखरपुड्याच्या आधी आठवडाभर ही रोज त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत होती आणि त्यांची शाळा विचारून घेत होती. गुरुजींचं नाव, कविता, घंटा कुठं टांगलेली होती तेसुद्धा. "न जाणो, विचारलं तर," ती म्हणाली. हरिओमला हसू आलं, आणि हसता हसता आपण आईला काय करायला लावलंय हेही कळलं. पण लग्न ठरलेलं होतं, आणि कळलेलं थोड्या वेळानं विसरता येतं.

लग्नानंतर ही चौथी घरातली खरीच गोष्ट होऊन बसली. ऋतुजालाही त्यानं खरं सांगितलं नाही. आधी लाज म्हणून, आणि नंतर इतके दिवस सांगितलं नाही याची लाज म्हणून. आई लातूरला आली की लेकीकडं मुक्कामाला आलेल्या आप्पासाहेबांची गाठ पडायची, ते सकाळी पेपर तिच्यापुढं करायचे, आणि ती म्हणायची, चष्मा गावाकडं राहिला. चष्मा तिला कधी लागलेलाच नव्हता.

गेल्या वर्षी अभ्यासाला माणसं कमी पडू लागली. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घरची वडीलधारी मंडळी येत असतील तर आणा. आप्पासाहेबांना असल्या गोष्टींचा भारी उत्साह. ते लगेच तयार झाले, आणि वर म्हणाले, विहीणबाईंनाही बोलवा, बरोबरच जाऊ. नाही म्हणायला हरिओमजवळ कारण नव्हतं. जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

केंद्रात माहिती भरून घ्यायचं आणि चाचण्या घ्यायचं काम आरतीकडं होतं. नियम असा की उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं, घरच्यांनी नाही. कारण आपल्याकडं बाईला विचारलेल्या प्रश्नाला पुरुष उत्तर देतो हा आरतीचा रोजचा अनुभव. पण हरिओम स्टाफचा माणूस, तिथं कोण हटकणार? बाहेरच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर आप्पासाहेब, मध्ये धुरपताबाई, पलीकडं ऋतुजा. आरतीनं टॅब हातात घेऊन नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग शाळा कितवीपर्यंत, असं विचारलं. आईनं तोंड उघडायच्या आत हरिओम म्हणाला, "चौथी."

आरतीनं आईकडे पाहिलं. "हाव," आई म्हणाली.

संमतीच्या कागदावर तिनं जीभ दातात धरून सही केली. सही बघून आरतीला काही शंका यायचं कारणही उरलं नाही.

हरिओमला पुढचं सगळं माहीत होतं. शिकलेल्यांची चाचणी वेगळी आणि न शिकलेल्यांची वेगळी. न शिकलेल्यांना काही वाचायला देत नाहीत. चित्रं दाखवतात, नाहीतर मी करते तसं करा म्हणतात. शिकलेल्यांना कागद वाचावा लागतो. हे माहीत असलेला माणूस हॉलमधून उठून आत जाऊन आरतीच्या कानात एक वाक्य सांगू शकला असता. तो चहा आणायला खाली गेला.

वर आला तेव्हा चाचणी संपली होती आणि आई आत मशीनमध्ये होती. आरतीचा चेहरा जरा उतरलेला. तिनं त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. काकूंनी आधी चष्मा राहिला म्हणून सांगितलं. केंद्रात चष्म्यांचा डबाच ठेवलेला असतो, त्यातला एक तिनं लावून दिला. मग समोर कागद धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द होते, 'डोळे मिटा'. वाचा आणि लिहिलंय तसं करा, एवढंच करायचं होतं. काकू कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, छान लिव्हलंय. एक वाक्य लिहा म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं नाव काढलं. पुन्हा दुसरं काहीतरी लिहा म्हटलं, तर पुन्हा नावच काढलं. आरती म्हणाली, हरिओम, तुमच्या लक्षात नाही आलं का कधी घरी? तो म्हणाला, बघतो.

हे 'बघतो' त्यानं पुढं फार वापरलं.

आकडे आले, फोटो आले. नावं असत नाहीत, नुसते क्रमांक असतात, पण आईचा क्रमांक त्याला माहीत होता. तिची ओळ भरताना त्यानं प्राथमिकच्या रकान्यात एक लिहिला. फॉर्ममध्ये चौथी आहे, आपण काय करणार, असं त्यानं स्वतःला ऐकवलं. जणू ती चौथी फॉर्ममध्ये दुसऱ्याच कुणीतरी टाकली होती. शेकडो ओळींत एक ओळ चुकली तर निकाल हलत नाही, असंही त्यानं ऐकवलं, आणि हे संख्याशास्त्राच्या दृष्टीनं खरंही होतं. निकाल हलला नाही. हलली ती आई. कारण त्याच गणितावर त्यानंच एक चाळणी लिहून ठेवली होती: या वयाच्या, एवढं शिकलेल्या बाईकडून किती अपेक्षा करावी ते काढायचं, आणि जी व्यक्ती त्याच्या फार खाली असेल तिचा क्रमांक वेगळा काढायचा. चौथी शिकलेल्या बायकांच्या रांगेत धुरपताबाईंना उभं केल्यावर त्यांचे गुण फारच कमी पडले. मेंदूच्या फोटोतला आठवणींचा भागही त्या रांगेतल्या अपेक्षेपेक्षा जरा कमीच भरला. चाळणीनं आईचा क्रमांक बाहेर काढला.

असा क्रमांक निघाला की घरी कळवायचं, हा शिरस्ता. संपर्कासाठी बालाजीचा नंबर होता, कारण आई राहते त्याच्याकडं. आरतीनं फोन केला. विसरभोळेपणाच्या आजाराची सुरुवात असू शकते, मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, तोवर त्यांना एकटं सोडू नका, गॅसजवळ जाऊ देऊ नका. बालाजी सरळ माणूस. त्यानं त्याच दिवशी गॅसची शेगडी आईच्या हाताला लागणार नाही अशी व्यवस्था केली आणि रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी हरिओमला फोन करून म्हणाला, तू तिथंच हायस ना, तुला कसं कळलं न्हाई? हरिओम म्हणाला, बघतो.

तो दोन आठवड्यांनी गावाकडं गेला. आई ओसरीवर बसलेली होती. हे त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. भर दिवसा आई रिकामी बसलेली आहे, हात मांडीवर ठेवून. धान्याच्या कोठीची किल्ली वहिनीच्या कमरेला होती. वहिनी वाईट नव्हती, ती आईच्या काळजीनंच आईच्या मागं मागं फिरत होती. आईचं हदगावच्या बाजाराला जाणं बंद झालं होतं. आणि गावातलं जो येईल तो ओसरीसमोर थांबून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं विचारायचा, मावशी, म्या कोण, वळखलं का? धुरपताबाई त्याचं नाव सांगायच्या, त्याच्या बापाचं सांगायच्या, आणि कधी कधी त्याची म्हैस कितव्यांदा गाभण आहे तेही सांगायच्या. तरी दुसऱ्या दिवशी दुसरा यायचा.

"रोज माही परीक्षा घेऊन राहिले लोकं," ती हरिओमला म्हणाली, आणि हसली. "पासच होऊन राहिले म्या. पर कोणाला पटंना."

हरिओम खाली बघत म्हणाला की माय, तवा त्या आरतीला सांगायचं ना, मला वाचता येत न्हाई म्हणून.

प्रश्नच कळला नसावा असं तिनं बघितलं. "तू चौथी म्हणला व्हतास ना तिथं, समद्यांसमोर," ती म्हणाली. "मग म्या कशी सांगू?"

तो परतीच्या एसटीत नांदेडपर्यंत बसला खरा, पण वाटेत कुठली गावं गेली ते त्याला आठवत नाही. आपल्याला स्वतःचीच लाज वाटते, हे त्याला इतकं उघड पहिल्यांदाच कळलं. आजवर त्याला आईची लाज वाटत होती, आणि ती फार वर्षं संभाळायला सोपी गेली होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. त्यानं आईची ओळ उघडली. प्राथमिकच्या रकान्यातला एक काढून शून्य लिहिलं आणि गणित पुन्हा चालवलं. तिन्ही रकान्यांत शून्य. आई तिच्या स्वतःच्या रांगेत, पायाच्या गटात जाऊन उभी राहिली, आणि आठवणींचा तो भाग तिथल्या अपेक्षेइतकाच निघाला. चाळणीनं तिला धरलं नाही. एका शून्यानं काम झालं होतं, आणि कुणाला कळलंही नसतं.  पण चाचणीचे गुण तर वाचायच्या कागदावरचेच होते, त्यांना आता काही अर्थ नव्हता. आणि गावात बालाजीनं जी शेगडी उचलून ठेवली होती ती या शून्यानं खाली येणार नव्हती. त्यानं पुन्हा एक लिहिला आणि मॅडमच्या खोलीत गेला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की गटांचं महत्त्व या केंद्रात तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, आईंना परत आण, दुसरी चाचणी घेऊ, पण फॉर्म मी तुझ्या शब्दावर बदलणार नाही. त्यांना विचारू, त्या सांगतील ते लिहू. आधी तुझ्या शब्दावर लिहिलं, तीच चूक झाली.

हरिओमनं मनाशी ठरवलं की आईला गुपचूप आणायचं, आरतीसमोर खरं सांगायचं, केंद्राकडून बालाजीला फोन करवायचा, आणि ऋतुजाला, अहमदपूरला सवडीनं, नीट शब्द जुळवून सांगायचं. माणूस खरं बोलायला निघाला तरी शक्य तितकं कमी बोलायचं बघतो. एसटीत त्यानं आईला सांगितलं की या वेळी जे खरं ते सांगायचं. ती हाव म्हणाली.

पण विहीणबाईंना विसरण्याचा आजार निघाला ही बातमी अहमदपूरला केव्हाच पोचली होती, आणि त्या दिवशी त्यांना केंद्रात बोलावलंय हे बालाजीकडून कळल्यावर ऋतुजानं बापाला काळजीनं सांगितलं होतं. दोघं केंद्रावर पोचले तर हॉलमध्ये आप्पासाहेब बसलेले, मांडीवर डाळिंबांची पिशवी, शेजारी ऋतुजा. आप्पासाहेब पिशवी हातात घेऊन उठून उभे राहिले. त्यांनी धुरपताबाईंना विचारलं, कशा आहात, मला ओळखलं ना? बाईंनी त्यांना सांगितलं की तुम्हाला कसं विसरेन, गुरुजी. हरिओमला त्यांना घरी जा म्हणता आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

आरती टॅब घेऊन समोर बसली. नाव, वय, आणि मग म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा. शाळा कितवीपर्यंत?"

धुरपताबाईंनी हरिओमकडे पाहिलं. मग आप्पासाहेबांकडे पाहिलं. एसटीतलं हाव त्यांनी बाजूला ठेवलं असावं.

"चौथी," त्या म्हणाल्या.

आरतीनं हरिओमकडे पाहिलं.  आत्ता गप्प राहिलं की आई पुन्हा त्या कागदासमोर बसणार, पुन्हा छान लिव्हलंय म्हणणार, आणि उरलेला जन्म ओसरीवर काढणार, आणि हे सगळं ती खुशीनं करणार, हे त्याला लख्ख दिसलं.

"न्हाई," तो म्हणाला. मग तो आप्पासाहेबांकडे वळला. "माय शाळेत गेलेलीच नाही, मामा. एक दिवसही नाही. बायोडाट्यात होतं ते खोटं होतं, आणि इथं सांगितलं तेही खोटं."

 ऋतुजा त्याच्याकडे बघत राहिली. मला लाज वाटत होती म्हणून मी तसं लिहिलं, हे पुढचं वाक्य त्यानं कधीपासून जुळवून ठेवलं होतं. त्यासाठी त्यानं श्वास घेतला, आणि तेवढ्यात आई बोलली.

"गुरुजी, त्याला बोलू नका," ती म्हणाली. "म्याच त्याला म्हणलं व्हतं, चौथी लिव्ह म्हणून. शिकल्यासवरल्या घरची सून येणार, मला लाज वाटायली व्हती."

 आप्पासाहेब डाळिंबांची पिशवी खुर्चीवर ठेवून म्हणाले की विहीणबाई, यात लाज कसली, आमच्या आईला शिकवायला माझे वडील होते, तुम्हाला कोण होतं? आणि त्यांनी हरिओमच्या पाठीवर हात ठेवला. आईचा शब्द राहावा म्हणून इतके दिवस तू हे अंगावर बाळगलंस, म्हणाले. मुलानं असंच असावं. ऋतुजाचा चेहराही निवळला.

हरिओमनं श्वास घेतलेला होता, वाक्य तयार होतं, आणि त्यानं ते म्हटलं नाही. त्याला हलकं वाटलं. आरतीनं चौथी काढली, धुरपताबाईंना आत नेलं, आणि आत त्यांनी चित्रं ओळखली, गोष्ट ऐकून परत सांगितली. बाहेर येऊन आरती हसत म्हणाली की काकूंना काही झालेलं नाही, बालाजीभाऊंना मी आत्ताच फोन करते. हरिओमचं हलकं वाटणं तोवर ओसरलं होतं, आणि त्याच्या जागी जे आलं ते आजपर्यंत गेलेलं नाही.

संध्याकाळी तो आईला एसटी स्टँडवर सोडायला गेला. हदगावची गाडी लागलेली होती. आईनं डाळिंबांची पिशवी मांडीवर घेतली, खिडकीजवळ बसली. हरिओम खाली उभा राहून म्हणाला, "माय, तू असं कामून सांगितलंस? लाज तुला कुठं वाटत व्हती? मला वाटत व्हती."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "जीपमध्ये बसलो तवापासून ठावं हाय." तिनं खिडकीतून त्याच्या खांद्यावरचा काहीतरी कचरा काढला. "माह्यामुळंच वाटायली व्हती ना तुला? मग माहीच झाली की ती."

गाडी सुटली, तरी हरिओम तिथंच उभा राहिला.